पाखाडीवर पाय का घसरतो: घर्षण घरच्या घरी कसे मोजावे

मे महिन्यात ज्या पाखाडीवरून, म्हणजे उतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, माणूस डोक्यावर ओझे घेऊन बिनधास्त उतरतो, तिथेच जुलैत रिकाम्या हाताने जातानाही तो आडवा होतो. उतार तोच, चप्पल तीच, वजन तर उलट कमी. बदललेला असतो तो घर्षण गुणांक: तळ सरकवायला लागणारे बल भागिले तळ जमिनीवर ज्या बलाने दाबला जातो ते बल. हा आकडा घरातल्या साहित्याने मोजता येतो. आधी फळीवर हात बसवा, मग पाखाडीकडे वळा.

फळीवरचा प्रयोग

साधारण 120 सेंमी लांबीची, न वाकलेली फळी आणि एक लाकडी ठोकळा घ्या. फळीचे खालचे टोक चिऱ्याला टेकवून अडवा, म्हणजे ते मागे सरकणार नाही. ठोकळा वरच्या टोकाजवळ ठेवा आणि ते टोक अगदी सावकाश उचलत न्या. ठोकळा सुटला की हात तिथेच थांबवा. दुसऱ्या माणसाने टेपने दोन मापे घ्यायची: वरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची, आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या पायथ्यापर्यंतचे आडवे अंतर. तो खालचा बिंदू नजरेने ठरवू नका, ओळंबा सोडा.

उंची भागिले आडवे अंतर, हाच स्थितिक घर्षण गुणांक, म्हणजे तळ अजून हललेला नसतानाचा. उतारावर ठोकळ्याच्या वजनाचे दोन भाग पडतात. एक त्याला खाली ओढतो, दुसरा फळीवर दाबतो, आणि या दोघांचे गुणोत्तर नेमके उंची भागिले आडवे अंतर एवढे असते. वजन त्यातून उडून जाते. म्हणूनच ठोकळ्यावर दुसरा ठोकळा बांधला तरी तो जवळपास त्याच कोनाला सुटतो. घर्षण दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रान्समधल्या गियोम आमोंतों यांनी 1699 मध्ये मांडला. त्यावर विश्वास ठेवण्याआधी तो स्वतः तपासून बघा, पाच मिनिटांचे काम आहे.

इथे बहुतेकांची एक चूक होते: आडव्या अंतराऐवजी फळीच्या लांबीने भागणे. 120 सेंमीची फळी 60 सेंमी उचलली तर आडवे अंतर सुमारे 104 सेंमी येते आणि गुणांक 0.58. फळीच्या लांबीने भागलेत तर 0.50 येईल, म्हणजे पकड आहे त्यापेक्षा कमी दिसेल. कोन वाढेल तशी ही चूकही वाढते.

ठोकळा एकदा सुटला की तो एकाच वेगाने न जाता वेग घेत जातो. कारण सरकत्या तळाचे घर्षण, म्हणजे गतिक घर्षण, बहुधा स्थितिक घर्षणापेक्षा कमी असते. ते मोजायचे तर फळी थोडी खाली आणा आणि टिचकी मारून ठोकळ्याला चालना द्या. ज्या उताराला तो न थांबता आणि वेग न वाढवता सरकतो, त्या उताराची उंची भागिले आडवे अंतर म्हणजे गतिक घर्षण गुणांक. पाय एकदा सुटला की सावरणे इतके कठीण का जाते, त्याचे मोठे कारण या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

पाखाडीवरचे मोजमाप

इथे फळी उपयोगाची नाही, ओढूनच मोजावे लागते. मासे किंवा सामान तोलायचा स्प्रिंगचा ताणकाटा, मजबूत दोरी, जुनी चप्पल आणि वाळूची सुमारे 2 किलोची पिशवी घ्या.

1. पिशवी चपलेत टाचेकडे ठेवून बांधा आणि दोन्ही मिळून तोला. समजा 2.3 किलो भरले.
2. काटा आडवा धरून शून्य जुळवा. उभ्या काट्यात हुकाचे स्वतःचे वजन स्प्रिंग ताणते, आडव्यात ताणत नाही, त्यामुळे काटा शून्याच्या खाली जातो.
3. दोरी तळव्याच्या अगदी लगत बांधा. पट्ट्याला वर बांधली तर चप्पल सरकण्याऐवजी पुढे कलंडते.
4. सपाट पायरीवर चप्पल ठेवा. स्वतः कोरड्या जागी उभे राहा, दोरी जमिनीला समांतर ठेवा आणि ताण हळूहळू वाढवा. दोरी वर तिरपी गेली तर चपलेचा भार थोडा उचलला जातो आणि आकडा खोटा येतो.
5. चप्पल हलली त्या क्षणीचा सर्वांत मोठा आकडा घ्या. 0.7 किलो दिसला तर 0.7 भागिले 2.3, म्हणजे सुमारे 0.30. दोन्ही मापे किलोतच असल्याने न्यूटनमध्ये बदलायची गरज नाही.

डिजिटल काटा इथे दगा देतो, कारण तो आकडा स्थिर झाल्यावरच दाखवतो आणि नेमका शिखराचा क्षण निसटतो. काट्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेणे उत्तम.

पाखाडीच्या जांभ्या दगडाला भोके आणि खळगे असतात. एखाद्या ठिकाणी तळवा त्यांत अडकतो आणि आकडा उगाच मोठा येतो. म्हणून एकाच पायरीवर निदान पाच जागी मोजा आणि सरासरीपेक्षा सर्वांत कमी आकड्याकडे लक्ष द्या. पाय घसरतो तो त्याच जागी.

हा आकडा कशाशी ताडायचा? सपाट जमिनीवर साध्या चालीला साधारण 0.2 लागतो. उतारावर त्यात उताराचे गुणोत्तर मिळवा: चार फूट आडव्या अंतरात एक फूट उतरणाऱ्या पाखाडीला आणखी 0.25, म्हणजे एकूण 0.45 च्या आसपास. वरच्या उदाहरणातला 0.30 तिथे पुरत नाही. यातला 0.2 चा वाटा मात्र तुमच्या हातात आहे. पाऊल जितके लांब, तितका पाय तिरपा पडतो आणि आडवे बल वाढते. पावले आखूड टाकली की ते कमी होते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. रबर आमोंतोंचा नियम काटेकोर पाळत नाही, आणि 2 किलोच्या पिशवीखाली शेवाळाचा बुळबुळीत थर जसा राहतो तसा तो 60 किलोच्या माणसाखाली राहीलच असे नाही. त्यामुळे हे आकडे एका पायरीची दुसरीशी तुलना करायला वापरा, सुरक्षिततेची हमी म्हणून नको. सगळ्यात उपयोगी तुलना म्हणजे शेवाळलेली पायरी, खराट्याने घासलेली पायरी आणि तीच पायरी आठवडाभराच्या पावसानंतर. पुन्हा कधी घासायची ते या तिसऱ्या आकड्यावरून ठरवता येते.