हातानं वाचायचा वाडा: भंगारातलं स्पर्शशिल्प

टेकडीच्या आकाराचं, साठेक सेंटिमीटर व्यासाचं हे शिल्प म्हणजे वाड्यातल्या (गावातल्या वस्तीतल्या) रस्त्यांचा हातानं वाचायचा नकाशा. वाड्यातले अंध आणि व्हीलचेअर वापरणारे लोक मिळून तो करतात. रस्ते कुठले दाखवायचे ते त्यांनीच ठरवायचं. दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणारी पोरं मदतीला घ्या, पण माप त्यांच्या हातात देऊ नका. ती उंचच करत जातात!

पाया म्हणून खण नसलेलं जुनं टेबल बघा. खाली गुडघे जायला 70 सेंटिमीटर मोकळे हवेत. भोवती 150 सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर खुर्ची वळत नाही.

टेबलावर 26 इंची सायकलची रिम क्लॅम्पनं आवळा. 90 सेंटिमीटरच्या चार कामट्या (आकाशकंदिलाच्या, पण जाड) भिजवून कमानी करा आणि टोकं रिमला तारेनं बांधा. आरांची भोकं त्यासाठी आयतीच असतात. तारेची टोकं आत वळवा. कमानींचे सांधे सायकलच्या ट्यूबच्या 2 सेंटिमीटर रुंद पट्ट्यांनी आवळायचे. पट्टीच्या एका टोकाला चीर द्या, दुसरं टोक त्यातून ओवून ओढा आणि वेढ्याखाली खोचा. गाठ मारावी लागत नाही, त्यामुळे एका हातानंही काम होतं.

आता गोव्यातल्या मालीमच्या जेटीवर टाकून दिलेलं मासेमारीचं जाळं. ते गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवा, पाणी तीनदा बदला. मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं आणि वरचा कागद कधीच सुकत नाही. सांगाड्यावर जाळं ताणून रद्दीचे तीन थर द्या. खळ: एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, शिजवताना चमचाभर मेथीपूड. मोरचूद घालू नका, इथं हात लागणार आहेत. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर आत ओल आहे आणि बुरशी धरणार. पावसाळ्यात हा खटाटोप नकोच.

वर रस्ते: चाक सुरळीत जातं तिथं घासून गुळगुळीत केलेले करवंटीचे तुकडे, कुणीतरी ढकलावं लागतं तिथं सुंभ, पायरीपाशी अडतं तिथं बाटल्यांची पत्र्याची बुचं. बुचांच्या कडा आधी हातोडीनं चेपा. दोन पोतांमध्ये 2 सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर बोटाला सगळं एकच लागतं. व्हार्निश मॅट आणि पातळ, एकच हात. जाड हातानं सुंभ आणि करवंटी सारखीच लागतात.

डोळस माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चाचणी घेऊ नका. रोज हातानं वाट काढणाऱ्याला बसवा, आणि तो ‘इथं पायरी नाही, गटार आहे’ म्हणाला तर बुचं उखडा.