बापाचं म्हणून घेतलेलं रोमन नाणं निघालं मुलाचं

विकणाऱ्याने 'कॉन्स्टंटाइन द ग्रेट' म्हणून दिलेलं छोटं तांब्याचं नाणं, मागे दोन शिपाई आणि मधे दोन ध्वज, पण ऑनलाइन फोटोंशी चेहरा काही केल्या जुळेना, दोन रात्री नुसत्या इमेज सर्चमध्ये गेल्या. शेवटी मोबाईलचा टॉर्च आडवा धरला तेव्हा कडेची अक्षरं उठून दिसली, नावापुढे 'मॅक्स ऑग' (थोरल्या सम्राटाची पदवी) नव्हतंच, 'आययूएन नॉब सी' होतं, म्हणजे ज्युनियर, सीझर (सम्राटाच्या हाताखालचा युवराज)! हा तर पोरगा, कॉन्स्टंटाइन दुसरा.

मग अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा 'ओक्रे' कॅटलॉग उघडला (फुकट आहे, आधी का नाही बघितला देव जाणे). त्यात राजा, टांकसाळ, मागचा मजकूर असे फिल्टर लावता येतात. शिपायांच्या पायाखाली 'एसएमटीएस' होतं म्हणजे थेस्सालोनिकीची टांकसाळ, आणि दोन ध्वज म्हणजे साधारण ३३० ते ३३५, एकच ध्वज असता तर त्यानंतरचं. पाच मिनिटांत आरआयसीच्या (रोमन नाण्यांची प्रमाण मानली जाणारी सूची) सातव्या खंडातला नंबर मिळाला. भाव बघायला एसी-सर्च या वेबसाइटवर जुने लिलाव चाळले, मी जरा जास्तच मोजलेत. पण खरं-खोटं ओक्रे सांगत नाही हं, त्यासाठी वजन नि कडा स्वतःच बघायच्या.