जळक्या रानात पक्षी कुठे शोधायचे

"स्मशानात कसले पक्षी बघतेस गं?" आई गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. २०२३ चा जून. कॅलिफोर्नियातल्या फॉल्समहून हायवे ५० ने चढत आम्ही एको समिट खिंडीच्या अलीकडे थांबलो होतो. दोन्ही बाजूंना पाइन आणि फरची झाडं कोळशाच्या खांबांसारखी उभी.

ही कॅल्डोर आगीची करणी. १४ ऑगस्ट २०२१ ला पेटली, ग्रिझली फ्लॅट्स गाव बेचिराख करून सिएरा नेवाडा डोंगररांगेचा माथा ओलांडून टाहो सरोवराच्या खोऱ्यात उतरली. २,२१,००० एकरांहून जास्त रान तिच्या तावडीत आलं, पण सगळं सारखं जळलं नाही. कुठे शेंड्यापर्यंत कोळसा, कुठे नुसता पालापाचोळा गेला, कुठे आग शिवलीही नाही. पक्षी याच फरकावर जागा वाटून घेतात.

म्हणून घरूनच आगीच्या तीव्रतेचा नकाशा बघून निघा. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेले हे नकाशे अमेरिकेत फुकट मिळतात. लाल म्हणजे बहुतेक झाडं मेलेली, हिरवं म्हणजे जवळपास शाबूत. लाल आणि हिरवं एकमेकांत घुसलेलं असेल, तिथे बोट ठेवा. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून थेट लालाच्या पोटात शिरले होते, तेही अकरा वाजता. दोन तासांत एक सुतारपक्षी दिसला आणि बूट काळे झाले.

जागेवर पोचल्यावर झाडं वाचा. बुंधा काळा पण शेंडा हिरवा असेल, तर आग खालून सरपटत गेली. आगीनंतरच्या पहिल्या वर्षी तपकिरी सुया फांद्यांवर लटकत असतील, तर झाड नुसत्या धगीने भाजलं. एकही सुई नसेल, तर शेंडाच पेटला होता.

अशा दाट काळ्या झाडीत शोधायचा तो काळ्या पाठीचा सुतार, ब्लॅक-बॅक्ड वुडपेकर. मेलेल्या लाकडात भुंगेरे अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्यांवर याचं घर चालतं. काही भुंगेऱ्यांना तर आगीची धग दुरूनच जाणवते, झाडं धुमसत असतानाच ते हजर होतात. बुंध्याशी लाकडाचा ताजा भुसा पडलाय का बघा. वारा नसेल तर खोडाला कान लावा, आत कुरतडल्याचा आवाज येतो. (मला आधी वाटलं, माझेच दात.) साल खरवडून खालचं लाकूड उघडं पडलं असेल, तर सुतार जवळपास आहे. त्याची ढोली बहुधा मेलेल्या खोडात, पण हिरव्या झाडीपासून फार लांब नसते. पिल्लं उडू लागली की त्यांना लपायला जिवंत झाडं लागतात.

थोडं मागे सरकून उघडी जागा बघा. मेलेल्या झाडाच्या टोकावर ऑलिव्ह-सायडेड फ्लायकॅचर बसतो, माशी टिपतो आणि परत तिथेच येतो. माउंटन ब्लूबर्ड सुतारांनी सोडलेल्या ढोलीत बिऱ्हाड करतो. काही वर्षांनी सिॲनोथसची झुडपं दाटली की लॅझुली बंटिंग आणि फॉक्स स्पॅरो येतात. न जळलेल्या पट्ट्यात किंगलेट आणि ब्राउन क्रीपर टिकून राहतात. लालाचा फार मोठा सलग पट्टा मात्र ठिपकेदार घुबडाला परवडत नाही, ते तिथून उठतं.

सुताराची चंगळ आगीनंतर जेमतेम सात-आठ वर्षं. अळ्या संपल्या की तोही निघतो. त्याआधीच लाकडासाठी मेलेली झाडं तोडली, तर तेवढेही दिवस मिळत नाहीत.

वारा सुटला की मात्र पक्षी-बिक्षी विसरा आणि बाहेर पडा. मेलेली झाडं चाहूल न देता पडू शकतात. मुळं जळून गेलेल्या जागी जमिनीखाली पोकळी राहते, काठीने चाचपून पाऊल टाका. आणि रान बंद असल्याची पाटी असेल, तर आत जाऊ नका.

हे ज्ञान साताऱ्याच्या डोंगरांना लावू नका. तिथला वणवा बहुतेक माणसाने गवताला लावलेला असतो, तोही टिटवी-चंडोलांची अंडी जमिनीवर असतात त्याच दिवसांत.

त्या दिवशी तासभर मी दुर्बिणीतून नुसती खोडं बघत होते. आई गाडीला टेकून चहा पीत होती. "अगं, ते खोड हलतंय बघ," ती म्हणाली. काळ्या सालीवर काळी पाठ. त्याने डोकं वळवलं तेव्हा माथ्यावरचा पिवळा ठिपका दिसला.

"हळद लावून आलाय," आई म्हणाली आणि माझ्या हातातून दुर्बीण काढून घेतली.