बीजिंगचा हिवाळा आणि धुरकं: नव्याने येणाऱ्यांसाठी

२०१३ च्या जानेवारीतलं, दाट धुरक्यात बुडालेलं बीजिंग आता राहिलेलं नाही, हवा बरीच सुधारलीय. तरी १५ नोव्हेंबरच्या सुमारास शहराचं हीटिंग सुरू झालं की मास्क हाताशी ठेवाच.

सकाळी फोनवर नुसता एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) बघू नका, पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, मायक्रोग्रॅम बघा. एक्यूआयची चिनी आणि अमेरिकी मोजपट्टी वेगळी, त्यामुळे एकाच हवेचे दोन आकडे दिसतात. मायक्रोग्रॅम ७५ च्या वर गेले की मी केएन९५ (बारीक कण गाळणारा मास्क) लावतेच. कापडी मास्क फक्त थंडीला. नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा आणि जोरात श्वास सोडा. चष्म्यावर वाफ आली तर मास्क सैल आहे.

खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी. प्युरिफायर झोपायच्या खोलीत, भिंतीला चिकटवून नको. फोडणी देताना (आपली फोडणी म्हणजे घरगुती धुरकंच!) एक्झॉस्ट चालू, स्वयंपाकघराचं दार बंद.

शेजारच्या आजी खडीसाखरेत शिजवलेलं नासपती आणून देतील, फुप्फुसं साफ होतात म्हणून. फुप्फुसं कसली साफ होतायत! पण घशाला बरं वाटतं, नाही म्हणू नका. आणि उत्तरेचा वारा सुटून आकडा उतरला, की सगळ्या खिडक्या सताड उघडा.