कोकणात उत्खननाला जाताय? या चुका टाळा

रायगड जिल्ह्यातल्या एका साइटवर माझा चौथा दिवस होता. आदल्या संध्याकाळी मी चौतीस खापरं पिशवीत भरली, जेल पेनने चिठ्ठी लिहून आत टाकली आणि पिशवी मांडवाबाहेर ठेवून झोपायला गेले. जानेवारीतलं दव, शेजारी खाडी. सकाळी चिठ्ठीवर निळा डाग होता, अक्षर एकही नव्हतं. सरांनी शांतपणे पिशवीवर लिहिलं, 'थर अज्ञात'. त्यात बोटांनी उठवलेल्या नक्षीचं एक सुंदर खापर होतं. पण ते कुठल्या थरातलं हे कळत नसेल, तर त्याचा काळ ठरवायला उपयोग जवळजवळ शून्य. ती चूक मला आजही बोचते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

चिठ्ठी पेन्सिलने लिहा, दवात शिसं पसरत नाही. दोन चिठ्ठ्या करा: एक छोट्या झिप पिशवीत घालून आत, दुसरी बाहेर बांधलेली. साइट, ट्रेंच (खणायचा चौकोनी खड्डा) क्रमांक, थर, खोली, तारीख, स्वतःची आद्याक्षरं एवढं सगळं हवंच. आणि आधी चिठ्ठी, मग खापर. ताटभर खापरं गोळा करून नंतर आठवून लिहिणारे हमखास फसतात. कोळशाचा तुकडा दिसला तर हात लावू नका. तो कार्बन-१४ चाचणीने काळ ठरवायला लागतो, त्यामुळे स्वच्छ ट्रॉवेलच्या (छोट्या थापीच्या) टोकाने उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्येच ठेवायचा. खापरं धुण्याची घाईही नको, आधी विचारा. भांड्याच्या आत चिकटलेलं अन्न तपासायचं असेल तर ते न धुताच ठेवतात.

दुसरी चूक घरी बसूनच होते. 'मला उत्खनन करायचंय' एवढा एका ओळीचा मेल पाठवून लोक वाट बघत बसतात. आपल्याकडे उत्खननाला सरकारी परवानगी लागते. ती प्रकल्पाच्या संचालकांना मिळते, वाटेल त्याला ट्रेंचमध्ये उतरवता येत नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा मुंबई विद्यापीठ यांच्या पुरातत्त्वाच्या अभ्यासक्रमांतून किंवा सर्वेक्षणांतून शिरणं जास्त सोपं जातं. चित्रकला, फोटो, नकाशे, मोडी यातलं काही येत असेल तर मेलमध्ये आवर्जून लिहा. कोणी शिबिराची फी मागत असेल तर 'परवाना कोणाच्या नावावर आहे?' हे आधी विचारा. जमीनमालक 'खणा' म्हणाला म्हणून खणता येत नाही. सापडलेलं नाणं 'आठवण' म्हणून खिशात टाकणं तर गुन्हाच. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

रायगडमधल्या चौल या जुन्या बंदराचं नाव ऐकून येणाऱ्यांना रोमन सोन्याची स्वप्नं पडतात. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने 'सिमुल्ला' म्हणून नोंदवलेलं आणि मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत 'चेमुल' म्हणून येणारं ते बंदर खरंच मोठं होतं. पण रोजच्या घमेल्यात येतात खापरं, शिंपले आणि विटांचे तुकडे. जांभ्याच्या आम्ल मातीत हाडंही फारशी टिकत नाहीत. निराश होऊ नका, बंदराची गोष्ट ही खापरंच सांगतात.

माती बदलली तरी खणत राहणं ही मात्र खरी मोठी चूक. आमच्या ट्रेंचमध्ये गावातल्या एक काकू होत्या. मी ट्रॉवेल ओढत होते आणि त्या एकदम म्हणाल्या, "थांब गो, माती बदलली. आवाज ऐक." ओढण्याचा खसखस आवाज कोरडा झाला होता. खाली चुनखडीची पातळ जमीन, म्हणजे जुनी फरशी होती, जेमतेम नखाएवढी जाड. दोन हात आणखी मारले असते तर ती गेली असती. मजूर म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष होतं त्यांचे कान आपल्या पुस्तकांपेक्षा पुढे असतात, त्यांच्याजवळ बसा. आणि थर चुकून फुटलाच, तर लपवू नका. लगेच सांगा, तिथला माल वेगळ्या पिशवीत भरून 'मिश्र' लिहा.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) कातळशिल्पांच्या, म्हणजे खडकात कोरलेल्या चित्रांच्या, नोंदीला जाणाऱ्यांनी खडू, रंग, चुना घरीच ठेवावा. फोटोत रेषा उठाव्यात म्हणून खोबणीत खडू भरणाऱ्यांना बघून माझा जीव तुटतो. मऊ झाडूने पाचोळा काढा आणि सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन येऊ द्या, कशेळीच्या सड्यावर कोरलेला एवढा मोठा हत्तीसुद्धा त्यात स्पष्ट दिसतो. बूट बाजूला काढा. नवीन शिल्प सापडलं तर ठिकाण समाजमाध्यमांवर टाकण्याआधी अभ्यासकांना कळवा.

सड्यावर सावली नसते: टोपी आणि प्रत्येकी तीन लिटर पाणी न्या. दगड उचलताना हात आधी घालू नका, काठीने हलवा, कारण तिथे फुरसं हा विषारी साप असतो. चावलंच तर चिरा देणं, आवळून बांधणं नको, माणसाला हलू न देता गाडीने सरकारी रुग्णालय गाठा.

शेवटच्या दिवशी ट्रेंच बुजवायच्या आधी बस पकडू नका. तळाला प्लास्टिक अंथरायचं, खालची माती खाली, वरची काळी माती वर. पहिल्या दिवसापासून दोन ढीग वेगळे ठेवले तरच हे जमतं. वाडी जमीनमालक काकांची आहे, जूनमध्ये त्यांना तिथेच सुपारीची रोपं लावायची असतात.