नेहमी विमानाने जाता? काउंटरवर आणि विमानात या चुका टाळा

नेहमी विमानाने जाणाऱ्या माणसाला नियम बऱ्यापैकी पाठ असतात. समोरच्या कर्मचाऱ्याच्या हातात नेमकं काय आहे, हे मात्र त्याला बहुतेकदा माहीत नसतं, आणि खटके तिथेच उडतात. जे देणं त्या कर्मचाऱ्याला शक्यच नाही ते मोठ्या आवाजात मागितलं जातं. जे त्याने दोन मिनिटांत करून दिलं असतं ते मागायचं राहून जातं. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

भलत्याच माणसाशी भांडणं

विमानतळावर गणवेशात दिसणारा प्रत्येक जण विमान कंपनीचा नसतो. मोठ्या विमानतळांवर सुरक्षा तपासणी सीआयएसएफची. इमिग्रेशन केंद्र सरकारचं. ट्रॉल्या, एसी, स्वच्छतागृहं, सामानाचे पट्टे हे सगळं विमानतळ चालवणाऱ्या संस्थेकडे असतं: मुंबईत अदानी समूह, गोव्यात मोपाला जीएमआर, पुण्यात विमानतळ प्राधिकरण. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आणि गोव्यातल्या दाबोळीची नौदलाची आहे, त्यामुळे विमान का थांबलंय याचं उत्तर तिथे कधीकधी कंपनीलाही उशिराच कळतं. बँकेच्या कार्डावर लाउंजमध्ये प्रवेश मिळाला नाही तर तो प्रश्न बँकेचा आणि लाउंज चालवणाऱ्याचा. चेक-इन काउंटरवर तो सुटत नाही. अनेक ठिकाणी काउंटर आणि गेटवरची माणसं ग्राउंड हँडलिंग एजन्सीची (जमिनीवरची कामं कंत्राटाने करणाऱ्या संस्थेची) असतात आणि त्यांचे अधिकार आणखी कमी असतात. छातीवरचा बिल्ला वाचा. एजन्सीचं नाव दिसलं आणि तुमचा विषय पैशांचा किंवा अपवादाचा असला, तर सरळ म्हणा, "कंपनीच्या ड्युटी मॅनेजरशी बोलायचं आहे, कुठे भेटतील?"

बिल्ल्यावर नावही असतं, तेच वापरा. "शुक शुक", "ए भाऊ" किंवा चुटकी वाजवून बोलावणं याने काम कधीच लवकर होत नाही.

साठ मिनिटांचा नियम आपल्यासाठी नाही असं मानणं

देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक भारतीय कंपन्यांचा चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन केलेलं असलं तरी बॅग द्यायची असेल तर ६० मिनिटांची मर्यादा तुम्हालाही लागू आहे. ही सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट.

काउंटर बंद झाल्यावर प्रवासी आणि बॅगा यांचा आकडा पुढे जातो. त्यावरून विमानाच्या वजनाचा आणि समतोलाचा हिशेब होतो, लोडशीट तयार होते आणि ती वैमानिकाकडे जाते. तुमची बॅग स्क्रीनिंगमधून जाऊन गाडीवर चढून विमानाच्या पोटात पोचायलाही वेळ लागतो. "फक्त दोन मिनिटं उशीर झालाय" हे खरं असतं, पण बंद झालेलं उड्डाण पुन्हा उघडणं काउंटरवरच्या माणसाच्या हातात नसतं. उलट बाजूही बघा. बॅग दिलेला प्रवासी गेटवर आलाच नाही, तर ती शोधून विमानातून उतरवावी लागते. गेटवरची माणसं लाउंजपर्यंत तुमच्या नावाचा पुकारा करत धावतात ती यासाठी.

सुटायला ७५ मिनिटं उरली आहेत आणि तुम्ही अजून रांगेतच आहात, तर गप्प उभं राहू नका. रांग सांभाळणाऱ्याला उड्डाण क्रमांक आणि वेळ सांगा. बंद होत आलेल्या उड्डाणाच्या प्रवाशांना पुढे घेणं हे त्यांचं कामच आहे. विमान चुकलंच तर काउंटर सोडण्याआधी एवढंच विचारा, की ठरावीक शुल्क भरून पुढच्या विमानात जागा मिळेल का. काही कंपन्यांत ती सोय असते. वाद घालत बसलात तर तीही मुदत निघून जाते.

कार्ड दाखवून अपवाद मागणं

नेहमीच्या प्रवाशांना विमान कंपनी देते ते गोल्ड किंवा प्लॅटिनम कार्ड तुम्हाला यादीत वर नेतं. नियमाबाहेर नेत नाही. बिझनेस क्लासमधल्या रिकाम्या जागा कुणाला द्यायच्या ते बहुधा सिस्टीममधल्या यादीवरून ठरतं आणि प्रत्येक बदलाची नोंद राहते. "जागा रिकामी दिसतेय, द्या की" असं म्हटल्याने त्या कर्मचाऱ्याची पंचाईत होते, हाती काही लागत नाही. पॉइंट्स किंवा बोली लावून अपग्रेड मागायचं तर ते ॲपवर आधीच टाका. काउंटरवर फक्त विचारा, "माझी विनंती यादीत आहे ना?"

हक्क कुठे चालतात तेही नीट पाहून ठेवा. एअर इंडियाच्या महाराजा क्लबमधले गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्य स्टार अलायन्स या अनेक विमान कंपन्यांच्या गटाच्या गोल्ड दर्जात मोडतात. म्हणून अलायन्सच्या विमानांत त्यांना लाउंज, आधी बोर्डिंग आणि जादा सामान मिळतं: वजनावर मोजणी असेल तिथे २० किलो, नगावर असेल तिथे एक बॅग. एअर इंडिया एक्स्प्रेस मात्र अलायन्समध्ये नाही. समूह एकच, विमानं शेजारी उभी, म्हणून लोक दुबईला निघताना तिच्या काउंटरवर अलायन्सचं जादा सामान मागतात. तिथला कर्मचारी ते देऊ शकत नाही.

पॉइंट्सच्या बहुतेक तक्रारी दोन कारणांनी होतात: बुकिंगमध्ये सदस्य क्रमांक टाकलेलाच नसतो, किंवा तिकिटावरचं नाव आणि सदस्यत्वाचं नाव जुळत नाही. काउंटर सोडण्याआधी बोर्डिंग पासवर क्रमांक छापला आहे का ते पाहा. नसेल तर तो तिथेच टाकून देतात, अर्ध्या मिनिटाचं काम. पॉइंट्स जमा होईपर्यंत बोर्डिंग पास सांभाळून ठेवा.

उड्डाण रद्द झाल्यावर फक्त रांगेत उभं राहणं

इथे सर्वात जास्त नुकसान होतं, आणि सर्वात जास्त कटुताही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यानंतर इंडिगोचं वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. वेळापत्रक आखणारे कार्यालयात होते. शिव्या खाल्ल्या त्या काउंटरवरच्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींनी. त्याआधी १४ जानेवारी २०२४ रोजी, धुक्यामुळे तासन्‌तास रखडलेल्या दिल्ली–गोवा विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उचलला. आधीच्या वैमानिकांची कामाची वेळ संपल्यामुळे हा वैमानिक त्यांच्या जागी आला होता. म्हणजे ज्याच्यामुळे विमान उडणार होतं त्यालाच मार बसला.

अशा वेळी तीन वाटा एकदम धरा: रांगेत उभं राहा, त्याच वेळी ॲपवर बदल करता येतो का बघा आणि सदस्यांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा. इंडिगोच्या संकेतस्थळावर प्लॅन बी नावाची सोय आहे. रद्द झालेल्या किंवा वेळ बदललेल्या उड्डाणासाठी नवीन उड्डाण किंवा परतावा आपला आपण निवडता येतो. काउंटरवर पोचाल तेव्हा पर्याय शोधून ठेवलेले असू द्या. "आता माझं काय ते बघा" असं म्हणण्यापेक्षा "पुण्याहून नाही तर मुंबईहून रात्रीच्या दिल्ली उड्डाणात जागा दिसतेय, त्यात टाकता का? मुंबईला मी स्वतः जाईन" असं सांगा. एकाच कंपनीचं दुसरं शहर सुचवणं हा सहज मान्य होणारा पर्याय असतो. दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसवणं मात्र त्या दोन कंपन्यांत तसा करार असेल तरच जमतं, आणि स्वस्त कंपन्यांत तो सहसा नसतो.

मग हक्क मागा. शांतपणे, नेमक्या शब्दांत. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तासांहून अधिक उशीर होत असेल तर खाणं-पिणं द्यावं लागतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी ही मर्यादा ३ तास आहे. उशीर ६ तासांहून अधिक असेल तर दुसरं उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांची निवड तुमची. जादा बुकिंगमुळे वेळेवर येऊनही चढू दिलं नाही, आणि तासाभरात दुसरं विमान मिळालं नाही, तर भरपाई लागू होते: २४ तासांच्या आत पर्यायी विमान दिलं तर एकतर्फी मूळ भाडं व इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाची बंधनं अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई लागू नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "उशिराचं नोंदवलेलं कारण काय आहे? ते मेसेज किंवा ईमेलवर मिळेल का?" पुढचा सगळा दावा या एका ओळीवर उभा राहतो.

एक चूक तर घरी बसूनच होते. पुणे–दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली–शिकागो दुसरीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त आला नाहीत. तिथल्या कर्मचाऱ्याने कितीही सहानुभूती दाखवली तरी तिकीट वाचवणं त्याच्या हातात नसतं. परदेशी जोडउड्डाण असेल तर सगळं एकाच तिकिटावर घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

केबिन क्रूला वेटर समजणं

क्रूचं पहिलं काम सुरक्षा आहे, चहा नंतर. बोर्डिंग चालू असताना जागा बदलून मागू नका. दारं बंद होईपर्यंत कोणती जागा खरंच रिकामी आहे ते त्यांनाही कळत नाही, आणि एटीआर ७२ सारख्या लहान विमानात चार-सहा माणसं पुढून मागे गेली तरी समतोलाचा प्रश्न येतो. दारं बंद झाल्यावर विचारा. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी बेल वाजवायची ती फक्त खऱ्या अडचणीसाठी.

केबिनमध्ये एक बॅग, ७ किलो. वरचे कप्पे भरले की गेटवर बॅगेला टॅग लावून ती खाली पाठवतात. हुज्जत घालण्यापेक्षा आधी तिच्यातून पॉवर बँक, लॅपटॉप, औषधं आणि किल्ल्या बाहेर काढा. पॉवर बँक विमानाच्या पोटात जाऊच शकत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची केबिनमध्ये चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते. चेक-इन बॅगेत सुकं खोबरंही चालत नाही. मसाल्यासाठी नेलेल्या दोन वाट्यांपायी बॅग उघडायला परत बोलावणं येतं, आणि राग निघतो तो बोलवायला आलेल्या कर्मचाऱ्यावर.

राग कुठे नेतो तेही माहीत असू द्या. मार्च २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खासदाराने बिझनेस क्लासच्या जागेवरून दिल्लीत एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं. त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात बेशिस्त प्रवाशांसाठी नियमावली आली. तिच्यात शिवीगाळ, अश्लील हावभाव, दारूच्या नशेतला गोंधळ यांसाठी ३ महिन्यांपर्यंत बंदी ठेवली आहे. धक्काबुक्की, मारहाण किंवा नको तो स्पर्श यांसाठी ६ महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणाऱ्या वर्तनासाठी किमान २ वर्षं. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती देते. कार्डाचा रंग तिथे विचारात घेतला जात नाही.

आईबाबांसाठी व्हीलचेअर मागताना चुकीचा प्रकार निवडणं

अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागवताना तीन प्रकार लक्षात ठेवा. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही पण जिने चढता येतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही चढता येत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंत उचलून न्यावं लागतं. चुकीचा प्रकार नोंदवला की शिडीच्या जागी लिफ्टची गाडी लागते किंवा लागतच नाही. विनंती ४८ तास आधी करा. चालता येतं, फक्त इंग्रजीची भीती आहे, तर व्हीलचेअर मागू नका. सोबत करणारा मदतनीस मिळेल का ते विचारा. ज्याला पाऊल टाकता येत नाही त्याची खुर्ची अडकून राहते आणि ढकलणारी माणसं मोजकीच असतात.

आधी व्हिडिओ, मग विचारणा

कर्मचाऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरला की तो फक्त नियम वाचून दाखवतो, मदत करण्याची जोखीम घेत नाही. पुणे आणि दाबोळी हे लष्करी तळ आहेत, तिथे विमानातून आणि धावपट्टीच्या परिसरात चित्रीकरणाला बंदी आहे. समाजमाध्यमांवर तक्रार टाकलीत तर पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) जाहीर लिहू नका, बोर्डिंग पासचा फोटोही नको. सहा अक्षरांचा पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कुणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो.

तक्रारीचा क्रम चुकवणं, आणि कौतुक न लिहिणं

बॅग आली नाही किंवा फुटली तर आगमन कक्षातून बाहेर पडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा पीआयआर क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगेची ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. इतर तक्रारी आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे, मग नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपील अधिकाऱ्याकडे न्या. त्यांचे पत्ते कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. तिथे दाद लागली नाही तर सरकारचं एअरसेवा ॲप किंवा ग्राहक हेल्पलाइन १९१५. पत्रात तारीख, उड्डाण क्रमांक, काय घडलं आणि तुम्हाला काय हवं, एवढंच चार-पाच ओळींत लिहा. कर्मचाऱ्याचं नाव तक्रारीत घालताना विचार करा, की चूक त्याची होती की त्याला लागू केलेल्या नियमाची.

कौतुकाचं पत्र लिहिताना मात्र नाव आवर्जून घाला. रोख टीप देऊ नका, ती घेणारा अडचणीत येतो. कंपनीच्या अभिप्राय फॉर्मवर कर्मचाऱ्याचं नाव, विमानतळ, तारीख, उड्डाण क्रमांक आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहा. "सेवा छान होती" एवढ्याच वाक्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. "बंद होत आलेल्या काउंटरवर वृद्ध जोडप्याला रांगेतून पुढे घेतलं, त्यामुळे त्यांचं विमान चुकलं नाही" असं लिहिलंत, तर त्याच्या वरिष्ठाला नोंद करता येते.