झँथनचा थर दिलेले लायपोसोम गुठळ्या धरत होते, त्यावरचा उपाय

अंड्यातील फॉस्फॅटिडिलकोलीन (एक मेद) ८० आणि डोटॅप (धन विद्युतभाराचा मेद) २० मोल टक्के, १०० नॅनोमीटर चाळणीतून ११ वेळा काढलेले लायपोसोम (मेदाच्या सूक्ष्म पोकळ पिशव्या). त्यात झँथन (लांब साखळ्यांचा डिंक) थेंबथेंब टाकले की गुठळ्या होऊन द्रावण दुधाळ व्हायचे.

चूक क्रमाची होती. लायपोसोम धन, झँथन ऋण; हळूहळू घातल्यास मिश्रण शून्य विद्युतभाराच्या टप्प्यात रेंगाळते आणि तिथेच सगळे चिकटते. उलट करा: जादा झँथन (०.०५ टक्के, आधी प्रोब सोनिकेटरच्या ध्वनिलहरींनी साखळ्या तोडून, गाळून) जोरात ढवळत ठेवा आणि लायपोसोम एकदम ओता. झीटा पोटेन्शियल (कणांच्या पृष्ठभागावरील विद्युतभाराचे माप) स्पष्ट ऋण झाले की थर बसला.

मीठ टाळा, ते धन-ऋण आकर्षण झाकते. गळती मोजण्यासाठी आत कॅल्सीन (चमकणारा रंग) असल्यास बाहेरचा परासरण दाब सुक्रोजने जुळवा. सुटे कॅल्सीन सेफाडेक्स जी-५० (आकारानुसार रेणू वेगळे करणारे जेल) स्तंभातून थर देण्यापूर्वीच काढा.

गळतीचा १०० टक्क्यांचा आकडा मिळवायला शेवटी सगळे लायपोसोम ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने फोडतात; ही चाचणी फसवी असते. थर दिलेले लायपोसोम १ टक्का ट्रायटननेही लगेच पूर्ण फुटतीलच असे नाही. मग १०० टक्के गळतीचा आकडा कमी येतो, त्या तुलनेत आधीची गळती जास्त दिसते आणि थर निकामी वाटतो. प्रतिदीप्ती (कॅल्सीनची चमक) स्थिरावेपर्यंत थांबा. सीटॅब (धन विद्युतभाराचे डिटर्जंट) मात्र या चाचणीत नकोच: झँथन त्यालाच पकडून ठेवते, आणि ते संरक्षण वाटते.